पाठीतले पाणी : एक तपासणी आणि तिची भीती

चंद्रपूर जिल्ह्यातले माजरी हे कोळशाच्या खाणींचे आणि रेल्वे जंक्शनचे गाव. इथे एखाद्या मुलाला कडक ताप आला, उलट्या झाल्या, झटके येऊन ते बेशुद्ध पडले, की त्याला आधी जवळच्या दवाखान्यात नेतात. तिथून चंद्रपूर, किंवा वरोरा-हिंगणघाटमार्गे सेवाग्राम अथवा नागपूर. मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर एक कागद पुढे करतात आणि सांगतात, "पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल. सही करा." आणि इथे गाडे अडते. कोणीतरी मामा किंवा शेजारी हळूच म्हणतो, "पाणी काढू देऊ नका. पाणी काढले की पोर लुळे पडते. आमच्याकडे एकाचे काढले, तो उठलाच नाही."

ही भीती केवळ माजरीची नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, पुण्या-मुंबईतही आणि परदेशातही ती आढळते. तिला अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे, पण योग्य नाही. 'पाणी काढले आणि माणूस गेला' हे लोकांनी खरोखरच पाहिलेले असते. प्रश्न एवढाच, की जे पाहिले त्याचा अर्थ काय लावायचा? या तपासणीचे नाव लंबर पंक्चर. तिचा इतिहास वाचला तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. या भीतीतले काय खरे आणि काय खोटे हेही त्यातून कळते.

हे पाणी कोणते?

मेंदू आणि मेरुरज्जू आपल्या शरीरात कोरडे नसतात. ते एका स्वच्छ, पाण्यासारख्या द्रवात बुडालेले असतात. पाठ्यपुस्तकात याला प्रमस्तिष्क-मेरुद्रव म्हटले आहे. इटलीतील डोमेनिको कोटुन्यो यांनी १७६४ साली या द्रवाचे वर्णन केले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये फ्रांस्वा माजांदी यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास करून त्याला आजचे नाव दिले.

प्रौढ माणसाच्या शरीरात हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका मोठ्या कपाएवढा असतो. मात्र तो साचलेला नसतो. मेंदूच्या पोकळ्यांत तो सतत तयार होतो आणि पुन्हा रक्तात शोषला जातो. दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार होतो. आता वर्गात करता येईल असे एक गणित पाहू. ५०० ला २४ ने भागले तर तासाला सुमारे २० मिलिलिटर होतात. तपासणीसाठी मोठ्या माणसाचा द्रव साधारण १० मिलिलिटर घेतात, लहान मुलांचा त्याहून कमी. म्हणजे काढलेला द्रव शरीर अर्ध्या तासात भरून काढते. 'पाठीतले पाणी काढले, आता ते कायमचे गेले' ही समजूत या साध्या भागाकाराने दूर होते.

सुरुवात : कील आणि लंडन, १८९१

जिवंत माणसाच्या पाठीतून हा द्रव काढण्याची कल्पना दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी प्रत्यक्षात आली. लंडनमध्ये वॉल्टर एसेक्स विंटर या डॉक्टरांपुढे क्षयजन्य मेंदूज्वराचे रुग्ण होते. मेंदूच्या आवरणांना क्षयाच्या जंतूंमुळे सूज येते, द्रव साचतो, मेंदूवर दाब वाढतो आणि रुग्ण बेशुद्धीत जातो. हा दाब कमी व्हावा म्हणून विंटर यांनी कमरेपाशी त्वचेला छेद देऊन बारीक नळी आत घातली. १८९१ साली त्यांनी अशा चार रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. दाब तेवढ्यापुरता उतरला, पण चौघेही दगावले.

त्याच वर्षी जर्मनीतील कील येथील प्राध्यापक हाइनरिश क्विंके यांनी आपली पद्धत वैद्यकीय परिषदेपुढे मांडली. त्यांनी छेद न देता आत तार बसवलेली बारीक पोकळ सुई वापरली. सुई आत पोचली की तार काढायची, म्हणजे द्रव थेंबथेंब बाहेर येतो. त्यांच्या पहिल्या रुग्णांत दोन वर्षांहूनही लहान असा एक बेशुद्ध मुलगा होता, आणि तो वाचला. क्विंके केवळ दाब कमी करून थांबले नाहीत. त्यांनी दाब मोजला आणि द्रवातील पेशी, प्रथिने व साखर तपासायला सुरुवात केली. आज जगभर जी पद्धत वापरतात ती मुख्यतः क्विंके यांची आहे.

विंटर यांचे चार रुग्ण कशाने दगावले? नळीने की क्षयाने? त्या काळी क्षयजन्य मेंदूज्वर म्हणजे मृत्यूच. त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४४ साली जाहीर झाले. म्हणजे १८९१ साली नळी घातली असती वा नसती, शेवट बहुधा तोच होता. पण नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी क्रमाने घडल्या होत्या. आधी पाणी काढले, मग माणूस गेला. माजरीच्या मामाच्या मनातली भीती हीच आहे.

ही तपासणी बहुतेक वेळा आधीच गंभीर असलेल्या रुग्णावर केली जाते. मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलांपैकी काहींना पुढे बहिरेपण, फिट्स किंवा हातापायांत कमजोरी राहते. हे आजाराने केलेले नुकसान असते, पण त्याचा दोष मात्र सुईच्या माथी मारला जातो.

सुई नेमकी कुठे जाते?

'पाठीच्या कण्यात सुई' म्हटले की मेरुरज्जूला भोक पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. इथे शरीररचनेची एक गंमत कामी येते. गर्भावस्थेच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मेरुरज्जू आणि मणक्यांचा कणा जवळजवळ सारख्याच लांबीचे असतात. पुढे कणा भराभर वाढतो आणि मेरुरज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी तो कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि मोठेपणी पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच. द्रवाची पिशवी मात्र त्याच्या बरीच खालपर्यंत जाते. या खालच्या भागात मेरुरज्जू नसतो. पायांकडे जाणाऱ्या चेतातंतूंचा, घोड्याच्या शेपटीसारखा दिसणारा झुपका द्रवात तरंगत असतो. पाण्यात सोडलेल्या दोऱ्यांना सुई लावली तर ते बाजूला सरकतात, तसेच हे तंतू सरकतात.

ही जागा विद्यार्थी स्वतःच्या शरीरावर शोधू शकतात. दोन्ही हात कमरेवर ठेवून हाडाची वरची कड चाचपा. दोन्ही कडांना जोडणारी आडवी रेषा पाठीवर ओढली, तर ती साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. सुई या रेषेच्या लगत वर किंवा खाली टोचतात. फ्रान्सच्या तुफिए यांच्या नावाने ही रेषा ओळखली जाते. बोटांनी सापडणारी ही एक रेषा गेली शंभराहून अधिक वर्षे मेरुरज्जूला सुईपासून दूर ठेवत आली आहे.

उपचाराची झाली तपासणी

क्विंके यांचा पहिला हेतू उपचाराचा होता. पण लवकरच लक्षात आले, की खरी किंमत बाहेर आलेल्या द्रवाची आहे. लिश्टहाइम यांना १८९३ च्या सुमारास दिसले, की जंतूंमुळे झालेल्या मेंदूज्वरात द्रवातली साखर घटते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये विदाल, सिकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजण्याची पद्धत रूढ केली.

निरोगी माणसाचा द्रव स्वच्छ असतो. एका घनमिलिमीटरमध्ये पाचापेक्षा जास्त पेशी नसतात आणि साखर रक्तातील साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असते. साध्या जंतूंचा मेंदूज्वर असेल तर द्रव तांदळाच्या धुवणासारखा गढूळ दिसतो. त्यात शेकडो-हजारो पेशी सापडतात आणि साखर खूप उतरते. विषाणूंमुळे मेंदूला सूज आली असेल तर द्रव बहुधा स्वच्छ दिसतो, पेशी थोड्या वाढतात, साखर मात्र बहुतेक वेळा ठीक असते. क्षयाचे चित्र या दोहोंच्या मधले असते : पेशी मध्यम, प्रथिने बरीच वाढलेली, साखर कमी. तिन्ही रुग्ण बाहेरून सारखेच दिसू शकतात. तिघांनाही ताप, डोकेदुखी, उलट्या आणि मान आखडलेली. औषधे मात्र वेगळी आणि उपचाराची मुदतही वेगळी. कुठे एक-दोन आठवडे, तर क्षयासाठी साधारण वर्षभर.

आपल्या भागातला पेच

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हा पेच अधिकच अवघड होतो. महाराष्ट्रातील मलेरियाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे गडचिरोलीचा राहिला आहे, आणि त्यात फाल्सिपेरम हा घातक प्रकारही आहे. १९७३ साली भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून मेंदूचा मलेरिया हा तिथल्या डॉक्टरांचा नेहमीचा शत्रू ठरला. बेशुद्ध मुलाच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडले की निदान झाले, असे वाटते. पण मलेरियाच्या पट्ट्यात काही लोकांच्या रक्तात हे जंतू फारसा त्रास न देताही असतात. म्हणजे रक्तात मलेरिया आणि मेंदूत दुसराच आजार, असे होऊ शकते. मेंदूच्या मलेरियात पाठीतले पाणी बहुधा जवळजवळ स्वच्छच असते. ते गढूळ निघाले तर मेंदूज्वराचे औषध तातडीने द्यावे लागते. हा फरक रक्ताच्या थेंबावरून कळत नाही.

दुसरे उदाहरण नागपूरचे. १९६५ साली नागपुरात तापाची साथ आली असता पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट आणि रॉड्रिग्ज यांना रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. त्याचे नाव चांदिपुरा. कित्येक वर्षे तो निरुपद्रवी समजला गेला. २००३ साली आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूदाहाची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. तपासणीत बोट चांदिपुराकडे गेले. २००७ मध्ये नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा दिसला. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूवर खास औषध नाही. अशा साथीत पाठीतल्या पाण्याची तपासणी दोन कामे करते. ज्यावर औषध आहे असा मेंदूज्वर सुटून जाऊ देत नाही, आणि साथ कशाची आहे हे शोधायला मदत करते.

तिसरे उदाहरण क्षयाचे, आणि ते शिक्षकांच्या जवळचे आहे. क्षयजन्य मेंदूज्वर एका रात्रीत येत नाही. आधी दोन-तीन आठवडे बारीक ताप, चिडचिड, डोकेदुखी, भूक मंदावणे असे चालते. हसतेखेळते मूल वर्गात गप्प बसू लागते, अभ्यासात मागे पडते. पालकांच्या आधी हे कधी कधी शिक्षकांच्या लक्षात येते. घरात कोणी क्षयाचा रुग्ण असेल तर अशा मुलाला लवकर डॉक्टरांकडे पाठवणे म्हणजे त्याचा मेंदू वाचवणे होय.

या तपासणीला मर्यादाही आहेत. मुंबईचे डॉ. पी. एम. उदाणी आणि डॉ. दाराब दस्तुर यांनी १९७० साली क्षयग्रस्त मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील काही मुलांच्या मेंदूला गंभीर इजा झालेली होती, पण पाठीतले पाणी मात्र जवळजवळ साधारण होते. पाणी स्वच्छ म्हणजे मेंदू निरोगी, असा सरळ हिशेब नसतो. उलट, क्षयाचे जंतू द्रवात फार विरळ असतात. म्हणून डॉक्टर थोडा जास्त द्रव मागतात किंवा काही दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. "थोडेसेच काढा" आणि "पुन्हा कशाला?" या दोन विनवण्या रुग्णाच्या हिताच्या नसतात.

खरे त्रास आणि खरे धोके

मग सुईचा त्रास काहीच नाही का? आहे. त्याचा पहिला प्रामाणिक दाखला पुन्हा कीलचाच. १८९८ साली ऑगस्ट बिअर या शल्यचिकित्सकांनी याच मार्गाने कोकेन आत सोडून कमरेखालचा भाग बधिर केला. आज सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात त्या इंजेक्शनची ही सुरुवात. बिअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवरही केला. बिअर यांच्या पाळीला पिचकारी सुईला नीट बसेना आणि बराच द्रव वाहून गेला. नंतर नऊ दिवस बिअर यांना डोके धरून पडून राहावे लागले. बसले की दुखे, आडवे झाले की थांबे.

ही डोकेदुखी आजही या तपासणीचा सर्वांत नेहमीचा त्रास आहे. सुईने पडलेल्या बारीक छिद्रातून द्रव झिरपत राहतो, त्यामुळे ती होते. म्हणून सुई जितकी बारीक आणि टोक जितके कमी कापणारे, तितकी डोकेदुखी कमी. २०१८ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा नेहमीच्या धारदार सुईने सुमारे ११ टक्के रुग्णांना, तर पेन्सिलीच्या टोकासारख्या सुईने सुमारे ४ टक्क्यांनाच ही डोकेदुखी झाली. बहुतेकांची ती काही दिवसांत आपोआप थांबते. चोवीस तास सपाट झोपून राहिल्याने ती टळते, अशी जुनी समजूत होती. प्रयोगांत तिला आधार मिळाला नाही.

गंभीर धोका वेगळा आहे. १८९५ च्या सुमारास जर्मनीत फ्युरब्रिंगर यांनी, मेंदूत गाठ असलेल्या काही रुग्णांना पाणी काढल्यानंतर अचानक मृत्यू आल्याचे सांगितले. कवटीत एका बाजूला दाब फार वाढलेला असताना खालून द्रव काढला, तर मेंदूचा भाग खाली सरकून श्वासाच्या केंद्रावर दाब येऊ शकतो. म्हणजे लोकांच्या भीतीत सत्याचा एक कण आहे. पण वैद्यकाने तो लपवला नाही, त्यावर नियम बांधला. आज डॉक्टर आधी रुग्णाची शुद्ध, हातापायांची ताकद आणि डोळ्यांचा पडदा तपासतात. संशय असेल तर आधी सीटी स्कॅन करतात. ही सोय १९७१ नंतरची. रक्त गोठण्यात दोष असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा टोचायच्या जागी त्वचेला जंतुसंसर्ग असेल, तरी तपासणी पुढे ढकलतात. मेंदूज्वराचा दाट संशय असेल तर तपासणीसाठी न थांबता औषध आधी सुरू करतात. या काळज्या घेतल्यावर लुळेपण येणे हे फारच विरळा.

रुग्णाने काय जाणून घ्यावे?

रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात किंवा पुढे वाकून बसवतात. पाठ धनुष्यासारखी वाकली की मणक्यांमधली फट उघडते, म्हणून न हलणे हे रुग्णाचे खरे काम. लहान मुलाला धरून ठेवावे लागते. ते पाहणे आईला जड जाते, पण धरण्यामागचे कारण हेच. मोठ्यांना त्वचेत बधिर करणारे इंजेक्शन आधी देतात. ते चुरचुरते, त्यानंतर मुख्यतः दाब जाणवतो. पायात विजेसारखी चमक आली तर सांगावे. सुई तंतूला लागलेली असते आणि डॉक्टर ती वळवतात. सारे साधारण अर्ध्या तासात आटोपते.

रक्त पातळ करणारी गोळी, औषधांची अॅलर्जी किंवा पूर्वीचे पाठीचे ऑपरेशन असेल तर ते आधीच सांगावे. सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे : कशाचा संशय आहे? या रुग्णाला यात काही विशेष धोका आहे का? तपासणी केली नाही तर काय होईल? तपासणीनंतर काही दिवस जागा ठणकू शकते. पण डोके असह्य दुखणे, ताप, पायांत बधिरपणा किंवा कमजोरी, लघवी अडणे, टोचलेल्या जागेतून पाणी येणे यांपैकी काही झाले, तर लगेच परत जावे.

विज्ञानाच्या तासाला आपण कारण आणि परिणाम शिकवतो. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, म्हणून कोंबडा सूर्याला उगवत नाही, हे मुलांना पटते. 'पाणी काढल्यानंतर गेला' आणि 'पाणी काढल्यामुळे गेला' यांतला फरक हाच आहे, फक्त तो ओळखायची वेळ फार कठीण असते. दवाखान्याच्या व्हरांड्यात, बेशुद्ध पोराच्या उशाशी, तो नव्याने शिकायला सवड नसते. तो आधीच, वर्गात, शांतपणे शिकवलेला असावा लागतो. आठवी-नववीत मेरुरज्जूचा पाठ येतो तेव्हा दहा मिनिटे काढून मुलांना कमरेवरची ती रेषा शोधायला लावावी आणि सुई तिथेच का टोचतात ते सांगावे. पुढे कधी घरातल्या कोणावर ती वेळ आली, तर ती समजूतच सहीच्या कागदापुढे कामी येईल.